लोसाची चाळण

१

बुधवारी सकाळी गावप्रमुख पेनिएलीबाबांनी सभाघराखालच्या हौदात पंधरवड्याच्या मापाची काठी सोडली. ती वर आली तेव्हा रांगेतल्या बादल्यासुद्धा वाजायच्या थांबल्या. काठीवरची ओल जिथं असायला हवी होती, तिथून पूर्ण एक वीत खाली होती.

पाच महिने पाऊस नव्हता. आमच्या बेटाला नदी नाही, ओढा नाही. आभाळातून पडेल ते छपरावरून टाकीत आणि टाकीतून पोटात. घरोघरच्या टाक्या आटल्या तेव्हा वडीलधाऱ्यांनी दारोदार फिरून एकेक टाकी ठोकून पाहिली आणि जी पोकळ वाजली तिच्यावर खडूची फुली मारली. चाळीस घरं, चाळीस फुल्या. त्यानंतर पाणी फक्त हौदाचं, घरटी रोज दोन बादल्या. फुली मारलेल्या टाकीला पुन्हा कुणी हात लावायचा नाही. ती परत ठोकणं म्हणजे त्या घराला तोंडावर खोटारडं म्हणणं, आणि आमच्याकडे माणूस उपाशी राहील, पण तेवढं करणार नाही.

हौदाच्या नळाला एकच कुलूप आणि त्याची एकच किल्ली. ती लोसामावशीच्या गळ्यात.

"लोसा," बाबा हळूच म्हणाले, "गेले दोन रविवार तू प्रार्थनेला नव्हतीस."

"गुडघा सुजला होता. घरी होते. लेकीशी बोलत होते."

"सगळं गाव चर्चमध्ये, किल्ली तुझ्याकडे आणि पाणी गेलेलं. मी काही म्हणत नाही. शनिवारी सभाघरात एक चटई आण, थोडे मासे आण, खाली बसून माफी माग. आम्ही लगेच तुला उठवू. विषय संपला. कुणी पुन्हा नाव काढणार नाही."

ही आमची रीत. माफी मागितली की चूक कुणाची हे कुणी विचारत नाही. भांडण वाऱ्यावर सोडून देतात. माझ्या आईनं आयुष्यात सहा वेळा माफी मागितली होती, त्यांतल्या चार वेळा न केलेल्या गोष्टींची.

लोसामावशीनं गळ्यातली किल्ली काढून बाबांच्या हातावर ठेवली.

"किल्ली घे. माफी नाही मिळायची."

"मग सोमवारी बोट येतेय," बाबांचा आवाज कोरडा पडला. "मोठ्या बेटावर तुझा भाऊ आहे. तू तिकडे जा. घराला आम्ही कुलूप लावू."

लोसामावशी रिकाम्या बादल्या घेऊन लंगडत निघाली. दहा पावलांवर वळली आणि मला म्हणाली, "सेलेपा, शाळा सुटली की ये. माझं वायफाय मेलंय. तेही कुणीतरी मारलंय."

२

राऊटर माझ्या ताब्यात. म्हणजे आहे तो सगळ्या गावाचाच, शाळेच्या अंगणातल्या खांबावर उघड्यावर बसवलेला. पण मी शिक्षिका, म्हणून चालू-बंद माझ्याकडे आणि शिव्याही मलाच. बेट लांबट, काकडीसारखं. खांब मध्यावर. जवळच्या घरांत पोरंसोरं सिनेमे बघतात आणि दक्षिण टोकाच्या शेवटच्या घरात, लोसामावशीकडे, फोनला दुपारच्या वाऱ्याइतकीही रेंज पोचत नसे.

तीन महिन्यांपूर्वी, टाक्यांवर फुल्या पडल्यानंतर, आम्ही दोघींनी त्यावर उपाय काढला होता. तारेची खोलगट मोठी चाळण घेतली. तिच्या पोटात, बरोबर जिथं उन्हाचा ठिपका गोळा होतो तिथं, बोटाएवढा डोंगल बांधला. चाळण बांबूवर चढवली, तोंड शाळेच्या खांबाकडे केलं आणि तार घरातल्या जुन्या लॅपटॉपला जोडली. ब्रिस्बेनला शिकणाऱ्या तिच्या मेलालीचा चेहरा पडद्यावर आला, तेव्हा मावशीनं चाळणीचा मुका घेतला होता.

आता त्याच चाळणीखाली ती चटई विणत बसली होती आणि विणता विणता गुणगुणत होती:

टोकाला माझं घर, पुढं समुद्राचं दार,
मागं सरायला जागा नाही, म्हणून नाही माघार.

"मावशी, अगं सोमवारी बोट आली की तुला घालवतील, आणि तू वायफायचं घेऊन बसलीस?"

"पोरी, माझं तोंड दोनच ठिकाणी चालतं. सभाघरात आणि या चाळणीत. सभाघरातलं बंद केलं आज सकाळी, चाळणीतलं त्याच्या आधीच बंद झालं. एकाच आठवड्यात दोन्ही? मी म्हातारी झाले, पण माझं डोकं पुळण नाही झालं."

मी चाळण तपासली. डोंगलवरचा दिवा लुकलुकत होता. तार शाबूत. बांबू हलला नव्हता, बुंध्याशी केलेली खूण जागेवरच होती. पडद्यावर मात्र रेंज नाही म्हणजे नाहीच.

"फलानीनं केलं असेल," मावशी म्हणाली. "त्याची पतंगाची दोरी मी कापली होती."

"ती पंचवीस वर्षांपूर्वी, मावशी."

"त्याला आठवतेय. मला आठवतेय तर त्याला नाही आठवणार?"

३

फलानी गावातले फ्रीज दुरुस्त करतो आणि राऊटरच्या खांबावर चढणारा तोच एक. मी गेले तेव्हा तो एका उघड्या मोटारीत डोकं घालून बसला होता.

"टीचर, मी हात लावलेला नाही," मी तोंड उघडायच्या आतच तो म्हणाला. "म्हातारी माझ्या नावानं खडे फोडतेय, मला कळलंय."

"गेल्या सोमवारी तू खांबावर होतास."

"अँटेना सरळ करायला. ती तिरकी झाली की लांबच्यांना त्रास. उलट मी लांबच्यांसाठीच चढलो होतो! पण एक सांगतो, लोक खांबाभोवती कोंडाळं करून उभे राहिले की पलीकडची रेंज पडते. रविवारी प्रार्थना सुटल्यावर बघा, सगळे तिथंच चिकटतात. राऊटर बसवायला आलेला माणूस काय म्हणाला होता, आठवतं? माणूस म्हणजे पाण्याची पिशवी. पाणी या लहरी पिऊन टाकतं. भिंत परवडली, पाणी नको."

"पण लोसामावशीची रेंज तर कोंडाळं नसतानाही नाही."

"मग मधे काहीतरी आलंय." त्यानं मोटारीतून डोकं काढलं. "आणि टीचर, म्हातारीला सांगा, पतंग निळा होता."

शाळेच्या खांबापासून चाळणीपर्यंत मी सरळ चालत गेले, लहर जाते तशी. वाटेत कपड्यांची एक दोरी. दोन माड, माझ्या जन्माआधीपासूनचे. मग नोफोआगादादाचं परसू, त्यात चौथऱ्यावर काळी मोठी टाकी, पाच हजार लिटरची, पोटावर खडूची फुली. टाकीपलीकडे मोकळी पुळण आणि मग मावशीचं घर. नवीन असं काहीच नव्हतं.

"ये, ये सेलेपा!" नोफोआगादादानं हाक मारली. गावातला सगळ्यांत मऊ माणूस. रविवारी प्रार्थना चालू असताना हातात वेत घेऊन बाहेर फिरायचं आणि रेंगाळणाऱ्यांना आत हाकायचं काम त्याच्याकडे, आणि तो वेतही कुणाला लागत नसे. पुढच्या महिन्यात त्याच्या मुलीचं लग्न. त्यानं मला शहाळं फोडून दिलं. "लोसावहिनीचं फार वाईट वाटतं गं. एवढी माफी मागून टाकायची! मी तर तिच्या वतीनं मासे देतो म्हटलं."

"दादा, तिची रेंज गेलीय. तुमच्या परसातून जाते ती."

"माझ्या? मग ती झावळी तोडू का? आत्ता तोडतो!" तो खरंच कोयता घेऊन माडाकडे निघाला.

त्याच्या कुंपणात लग्नासाठी राखलेली बारा डुकरं सावलीला लोळत होती, कानापर्यंत चिखलात. बाकीच्यांनी आपली डुकरं पहिल्याच महिन्यात कापून खारवली होती, कारण हौदाचं पाणी जनावराला द्यायचं नाही असं ठरलं होतं. माझी नजर तिकडे गेलेली पाहून तो हसला. "समुद्राचं पाणी ओततो. उकाड्यानं मरतील बिचारी."

झावळी तोडून झाली. मी मावशीच्या घरी जाऊन पाहिलं. रेंज नव्हतीच.

४

शुक्रवारी मधल्या सुट्टीत मी शाळेतूनच मेलालीला फोन लावला. आईवर काय आलंय ते तिला माहीत नव्हतं. सांगितलं तेव्हा ती तिच्या आईसारखीच उसळली.

"माफी? आईनं? तिला म्हणावं, मागितलीस तर मी तुझी मुलगी नाही!"

"ते तिला सांगावं लागत नाही. तू मला एवढंच सांग, शेवटचं बोलणं कसं तुटलं? कट झालं का?"

"तुटलं नाही, टीचर. झिजलं. त्याच्या आधीच्या रविवारीही तसंच. आम्ही सुरू केलं तेव्हा चर्चमधलं पहिलं गाणं मागून ऐकू येत होतं, आईचा चेहरा स्पष्ट. दुसऱ्या गाण्यापर्यंत तिच्या नाकाचे चौकोन झाले. त्या दिवशी निदान आवाज टिकला. पण या रविवारी शेवटच्या गाण्याला तोही गेला. जणू कुणी आमच्या दोघींच्या मधे हळूहळू पडदा वर ओढत होतं."

फोन ठेवला, पण तो शब्द कानात राहिला. हळूहळू. वर.

वर्गात मी मुलांना एक गणित घातलं. सभाघराखालचा हौद सहा मीटर लांब, चार मीटर रुंद. त्यातून एक वीत पाणी गेलं. किती? मुलांनी वीत मोजली, पट्टी लावली, गुणाकार केला. पाच हजार लिटरच्या आगंमागं. म्हणजे पाचशे बादल्या. सुजलेल्या गुडघ्याची बाई पाचशे बादल्या कुठं नेईल? आणि नेल्या तरी ठेवेल कशात? बेटावरची प्रत्येक टाकी फुलीची.

शाळा सुटताच मी मावशीकडे धावले. "बांबू उपट."

"काय झालं?"

"उपट तर खरा!"

चाळण घेऊन आम्ही दोघी पुळणीवर दहा पावलं पूर्वेला सरकलो. तोंड पुन्हा शाळेच्या खांबाकडे. पडद्यावर रेंज भरली, काठोकाठ. दहा पावलं मागे, जुन्या जागेवर: शून्य. पुन्हा पूर्वेला: भरली. पुन्हा मागे: शून्य.

मावशी चाळणीच्या मागे उभी राहून एक डोळा मिटून बघत होती, नेम धरल्यासारखी. चाळणीच्या मधोमध, समोर, नोफोआगाची काळी टाकी होती.

"ती तर आधीपासूनच तिथं आहे," ती म्हणाली.

"आधीपासून आहे. आणि दोन आठवड्यांपूर्वीपर्यंत तिच्यातून तुझी लेक आरपार दिसत होती. रिकामं प्लॅस्टिक लहरींना काचेसारखं, मावशी. आड येतं ते पाणी."

मावशी वाळूत बसली. मग म्हणाली, "पण फुली आहे तिच्यावर."

"हो. म्हणूनच तिथं कुणी बघणार नाही."

"आणि तू चुकलीस तर?"

"तर मी एका घराला खोटारडं म्हटलं असं होईल. मग माझी शाळा गेली."

"आणि माझं घर." ती उठली, अंगावरची वाळू झटकली. "ते तसंही चाललंय. उद्या तू डोक्यातलं बोल, पोरी. टाकी मी ठोकते. तुझा हात नको त्यात."

५

शनिवारी सभाघर भरलं. वडीलधारे खांबांना पाठ लावून बसले. मधोमध जागा मोकळी सोडली होती, लोसामावशीच्या चटईसाठी. ती आली ती रिकाम्या हातांनी. आणि बसली नाही.

"बस, लोसा," पेनिएलीबाबा म्हणाले.

"बसलेल्या माणसाला तुम्ही उठवता. मी उभीच आहे. तुमचे कष्ट वाचले."

कुणीतरी फिसकन हसलं.

"टीचरला बोलायचंय," मावशी म्हणाली.

मी मुलांना सांगते तसं सांगायला सुरुवात केली, कारण दुसरं मला काही येत नाही. एक वीत म्हणजे पाचशे बादल्या. एवढं पाणी नळानं, बादलीनं कुणी नेलं तर ते गावाच्या डोळ्यांसमोरून जाईल. म्हणून ते नळातून गेलंच नाही आणि किल्लीचा संबंधच नाही. हौदाला हवेसाठी नळी आहे. होडीतलं पाणी उपसायचा मुठीएवढा पंप तिच्यातून आत सुटतो आणि त्याचा पाइप मागची वाट ओलांडून पलीकडे पोचतो. तो बॅटरीवर चालतो, त्याचा आवाज गाण्यात बुडतो. दोन रविवार, प्रार्थनेच्या वेळी. पहिल्या रविवारी खांब आणि चाळण यांच्यामधली टाकी अर्धी भरली, लहरी पाण्यात अडकल्या आणि मेलालीला आईचा चेहरा दिसेनासा झाला. दुसऱ्या रविवारी पूर्ण भरली आणि आवाजही गेला. त्या वेळी सगळं गाव चर्चमध्ये होतं. बाहेर फिरायची मुभा एकाच माणसाला असते.

वळून बघायची कुणाला छाती झाली नाही. नोफोआगादादाच्या हातातला पंखा मात्र थांबला.

"पोरी," पेनिएलीबाबा सावकाश म्हणाले, "तू फुलीवर बोट ठेवतेयस. ती फुली मी मारलीय."

"तुम्ही मारलीत तेव्हा टाकी रिकामीच होती, बाबा. तुम्ही खोटे नाही. फुली मात्र त्या दिवसापुरती होती."

"आणि रिकामी निघाली तर?"

"तर सोमवारच्या बोटीत मी स्वतःच्या पायानं चढते," लोसामावशी म्हणाली. "पण भरलेली निघाली, पेनिएली, तर कुणी मला 'विषय संपला' म्हणायचं नाही. विषय मी संपवीन. चला."

ती कुणाची वाट न बघता निघाली. सभाघरामागची वाट ओलांडली की नोफोआगाचं परसू. आधी बायका उठल्या, मग पोरं आणि मग म्हातारे. फलानी कुंपणापाशी थांबून डुकरांच्या चिखलात वाकला, बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

"गोडं आहे," तो म्हणाला. "समुद्र कधीपासून गोडा झाला, दादा?"

मावशीनं मागे पाहिलं नाही. चौथऱ्यापाशी जाऊन तिनं काठी उचलली आणि फुलीच्या बरोबर मधोमध मारली.

रिकामी टाकी ढोलासारखी घुमते. ही घुमली नाही. ढप्. पोट भरलेल्या जनावराच्या पाठीवर थाप मारावी तसा आवाज आला. तिनं खाली मारली, ढप्. वर, अगदी काठाशी, हात पोचेल तिथं मारली, ढप्.

नोफोआगादादानं मान खाली घातली. "डुकरं मरत होती," तो म्हणाला. "लग्नाला तीन बेटांची माणसं येणार आहेत. त्यांच्यापुढं काय वाढू? मी भरून देणार होतो, पहिल्या पावसात."

"आणि रोज सकाळी रांगेत दोन बादल्या घेत होतास," मावशी म्हणाली. "माझ्या मागं उभा राहून. माझा गुडघा विचारत होतास."

तो घरात गेला, सगळ्यांत चांगली चटई घेऊन आला, मावशीच्या पायांशी बसला आणि चटई डोक्यावर ओढून घेतली. सगळे तिच्याकडे बघायला लागले. आता तिनं चटई उचलायची, त्याला हाताला धरून उठवायचं, दोन शब्द बोलायचे आणि सगळ्यांनी जेवायला बसायचं. रीत तशी.

लोसामावशी त्याला वळसा घालून टाकीच्या नळाकडे गेली.

"बादल्या आणा," ती म्हणाली. "कुंपणाशेजारची घरं आधी. तान्ह्या मुलांच्या आया त्यांच्याही आधी."

नळ सुटला. बायकांची रांग लागली. पहिली बादली भरली, दुसरी, दहावी. ऊन चढलं. चटईखालचा माणूस हलला नाही आणि मावशीनं तिकडे पाहिलं नाही. विसाव्या बादलीला पेनिएलीबाबा तिच्या कानाशी आले. खिशातून किल्ली काढून त्यांनी पुढे केली.

"लोसा, ही तुझी. घे आणि उचल ती चटई. फार वेळ झाला. माणसाला इतका वेळ बसवायची रीत नाही."

"न केलेल्या चोरीसाठी बाईला बसवायची आहे का?"

बाबांनी पुढे केलेली किल्ली मुठीत मिटली.

"उचलीन मी," ती म्हणाली. "तो माझा शेजारी आहे, मी काही समुद्रात राहत नाही. पण आधी सगळ्यांचं पाणी भरू दे. ज्यांनी ज्यांनी बुधवारी माझ्याकडे मान वळवून पाहिलं, त्या सगळ्यांचं." तिनं भरलेली बादली बाजूला सारली आणि बाबांच्या बादली नसलेल्या हातांकडे पाहिलं. "आणि तू असा मधेच काय घुसतोस, पेनिएली? तुझी बादली कुठंय? जा, घेऊन ये आणि रांगेत मागं उभा राहा."

गावातला सगळ्यांत मोठा माणूस क्षणभर तसाच उभा राहिला. मग किल्ली मुठीत धरून तो बादली आणायला घराकडे निघाला.